चोरीचा मामला, हळूहळू बोंबला

दुसऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कसे वाचायचे, एवढंच इंटरनेटवर शोधून पाहा. क्षणात एक मोठा बाजार समोर उभा राहतो. कुणी म्हणतो नुसता नंबर टाका, कुणी म्हणतो समोरच्याला पत्ताही लागणार नाही, कुणी पहिले तीन दिवस फुकट देतो. भाषा बहुतेक ठिकाणी काळजीची असते. मुलगी कुणाशी बोलते, मुलगा कुणाच्या नादी लागलाय, नवऱ्याचा फोन रात्री बारा वाजता का वाजतो, बायको मेसेज पुसून का टाकते. घराघरांतल्या खऱ्या चिंता उचलून त्यांच्या जाहिराती केलेल्या असतात. त्यामुळे एरवी शहाणा असलेला माणूसही तिथे थबकतो.

या बाजारात दोन प्रकारचा माल आहे. एक पूर्ण बनावट, दुसरा खरोखर चालणारा. बनावट मालात पैसे जातात. चालणाऱ्या मालात त्याहून पुष्कळ काही जातं आणि ते फक्त ज्याच्यावर पाळत ठेवली त्याचंच जातं असं नाही.

आधी बनावट मालाकडे पाहू. पानावर एक चौकट असते, तिच्यात नंबर टाकायचा. मग एक पट्टी सरकू लागते. सर्व्हरशी जोडणी झाली, चॅट सापडले, फोटो उतरत आहेत, अशी वाक्यं एकामागून एक उमटतात. शेवटी धूसर केलेले काही मेसेज दिसतात आणि ते स्पष्ट करण्यासाठी 'तुम्ही माणूस आहात याची खात्री' मागितली जाते. खात्री म्हणजे दोन अनोळखी अ‍ॅप उतरवून घेणं, एखादी प्रश्नावली भरणं किंवा कार्डाचा नंबर देणं. तुम्ही उतरवलेल्या प्रत्येक अ‍ॅपमागे, भरलेल्या प्रत्येक प्रश्नावलीमागे त्या पानाच्या मालकाला दलाली मिळते. मेसेज कधीच दिसत नाहीत, कारण ते कधी सापडलेलेच नसतात. ती पट्टी म्हणजे निव्वळ चलच्चित्र. कुठलाही नंबर टाकला तरी ती तशीच सरकते.

नुसत्या नंबरावरून हे का होऊ शकत नाही, ते नीट समजून घ्यायला हवं. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधल्या वाटेवर, खुद्द कंपनीच्या सर्व्हरवरही, ते वाचता येत नाहीत. म्हणजे मेसेज वाचायचा तर दोन टोकांपैकी एका फोनमध्ये, त्याच्या बॅकअपमध्ये किंवा त्याला जोडलेल्या उपकरणातच शिरावं लागतं. नुसत्या नंबरावरून फोनमध्ये शिरण्याचं तंत्र जगात आहे, हे खरं. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधल्या एका त्रुटीतून सुमारे 1,400 फोनांमध्ये घुसवण्याचा प्रयत्न झाला. त्यात भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्तेही होते. पण ते तंत्र कोट्यवधींच्या किमतीचं आहे आणि आपण ते फक्त सरकारांनाच विकतो, असं ती कंपनी सांगते. हजार-दोन हजार रुपयांत नंबरावरून मेसेज दाखवण्याचं वचन देणारा माणूस खोटं बोलतोय, हे डोळे मिटून समजावं.

पानावर फसलेला माणूस पुष्कळदा तिथेच थांबत नाही. पुढचा मुक्काम टेलिग्राम. तिथे 'हॅकर' भेटतो. आधी थोडी आगाऊ रक्कम घेतो. मग सॉफ्टवेअरची फी, मग सर्व्हरचा खर्च, मग 'काम झालंय, फक्त कोड उघडायचाय' म्हणून आणखी पैसे. गिऱ्हाईक थकलं की सूर बदलतो. तुम्ही बायकोचा फोन हॅक करायला सांगितलंत, आपलं सगळं बोलणं माझ्याकडे आहे, तिलाच पाठवतो, पोलिसांनाही पाठवतो. आता पैसे गप्प बसण्यासाठी द्यायचे.

इथे माणूस करणार काय? पोलीस ठाण्यात जाऊन सांगणार काय? की मी बायकोचे मेसेज चोरायला पैसे दिले आणि मेसेज मिळालेच नाहीत? चोरीचा मामला, हळूहळू बोंबला. या धंद्याचं सगळं अर्थशास्त्र या म्हणीवर उभं आहे. इतर फसवणुकीत ठगाला गिऱ्हाइकाच्या तक्रारीची थोडी तरी भीती असते. इथे गिऱ्हाईक आधीच तोंड दाबून बसलेलं असतं. माझ्या मते या बाजारातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच आहे, तक्रार करू न शकणारं गिऱ्हाईक. खोटा माल विकणारा त्यावर जगतो आणि खरा माल विकणाराही त्यावरच जगतो.

खरा माल कसा असतो? एमस्पाय, फ्लेक्सीस्पाय, द ट्रुथ स्पाय अशी त्याची नावं. यांतली बहुतेक अ‍ॅप गूगलच्या प्ले स्टोअरवर मिळत नाहीत. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याचा अँड्रॉइड फोन काही मिनिटं हातात यावा लागतो आणि त्याचा पिन ठाऊक असावा लागतो. म्हणजे हे काम परक्याचं नाही. नवरा, बायको, प्रियकर, भाऊ, सासर-माहेरचं कुणी, ऑफिसातला वरिष्ठ, असा जवळचाच हात ते करतो. आधी प्ले प्रोटेक्ट ही सुरक्षा बंद करायची, अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप उतरवण्याची परवानगी चालू करायची, अ‍ॅप बसवायचं आणि मग त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची. ही सोय दृष्टिहीन आणि अपंग माणसांसाठी आहे. पडद्यावर काय लिहिलंय ते अ‍ॅपला वाचता यावं आणि वापरणाऱ्याला वाचून दाखवता यावं, म्हणून ती केली. हेरगिरी करणारं अ‍ॅप तिचाच उपयोग करून पडद्यावर उमटलेला प्रत्येक मेसेज टिपतं. व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप इथे कामी येत नाही, कारण कुलूप उघडून मेसेज पडद्यावर आल्यावरच तो चोरला जातो. जोडीला नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी, लोकेशन, माईक, फोटो. शेवटी अ‍ॅपचं चिन्ह पडद्यावरून नाहीसं होतं, किंवा 'सिस्टिम सर्व्हिस', 'वायफाय' अशा साळसूद नावाने ते यादीत लपून बसतं.

आयफोनची तऱ्हा वेगळी. तिथे ही मंडळी बहुधा फोनला हातच लावत नाहीत. आयक्लाउडचं नाव आणि पासवर्ड मागतात आणि तिथे साठलेल्या बॅकअपमधून माहिती उपसतात. पासवर्ड हाती देणं म्हणजे त्या माणसाचे फोटो, संपर्क, टिपणं, सगळा संसार एका अनोळखी कंपनीच्या हवाली करणं.

आणि इथे या विषयाचा गाभा येतो. टिपलेले मेसेज अ‍ॅप बसवणाऱ्याच्या फोनवर थेट येत नाहीत. आधी ते कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि तिथे साठतात. तो सर्व्हर कुणाचा, कुठल्या देशात, त्याची किल्ली कुणाकडे, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं, आणि ते विचारतही नाही. मग तो सर्व्हर फुटतो. हा क्वचित घडणारा अपघात नव्हे. अमेरिकेतल्या टेकक्रंच या वृत्तसंकेतस्थळाने ठेवलेल्या नोंदीनुसार 2017 नंतर अशा पंचवीसहून अधिक कंपन्यांची माहिती चोरीला गेली किंवा उघड्यावर पडली. एवढ्या लहानशा धंद्यात एवढ्या वेळा घरफोडी होत असेल, तर दार लावण्याची तसदीच कुणी घेतलेली नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

काही प्रकरणं तपशिलात पाहण्याजोगी आहेत. द ट्रुथ स्पाय हे अ‍ॅप आणि त्याच्या वेगवेगळ्या नावांच्या जुळ्या भावंडांमागे व्हिएतनाममधली वनबाइट ही कंपनी होती. फेब्रुवारी 2022 मध्ये झॅक व्हिटेकर या पत्रकाराने दाखवून दिलं की सर्व्हरमधल्या एका साध्या चुकीमुळे सुमारे 4 लाख फोनांमधली माहिती कुणालाही काढता येण्यासारखी होती. कंपनीला कळवलं, तरी दुरुस्ती झाली नाही. पुढे हेही उघड झालं की गिऱ्हाइकांचे पैसे स्वीकारण्यासाठी या मंडळींनी खोट्या अमेरिकन ओळखी आणि बनावट पासपोर्ट वापरले होते. ज्यांना आपलं खरं नाव सांगायची सोय नाही, त्यांच्याकडे लोक आपल्या मुलांचे फोटो सोपवून बसले होते.

जून 2023 मध्ये पोलंडमधल्या लेटमीस्पायचा सर्व्हर फोडला गेला. त्यात हजारो फोनांमधले 2013 पासूनचे मेसेज आणि कॉलच्या नोंदी होत्या. हल्लेखोराने सर्व्हरवरची माहिती पुसलीही. ती कंपनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंद झाली. मे 2024 मध्ये पीसीटॅटलटेल गेली. पडद्याचे फोटो सतत काढत राहणं हे तिचं काम होतं. अमेरिकेतल्या काही हॉटेलांच्या स्वागतकक्षातल्या संगणकांवर ती बसवलेली निघाली आणि तिथे उतरलेल्या पाहुण्यांची माहितीही तिच्यातून झिरपत होती. त्या पाहुण्यांचा कुणाच्याही संशयाशी काडीचा संबंध नव्हता.

एमस्पायचं प्रकरण गिऱ्हाइकांसाठी अधिक बोलकं आहे. 2015, 2018 आणि 2024 अशी तीनदा तिची माहिती फुटली. शेवटच्या वेळी फुटलं ते मदतकक्षाशी झालेलं गिऱ्हाइकांचं बोलणं, सुमारे 24 लाख ईमेल पत्त्यांसह. हे कसं बसवू, तिला कळणार नाही ना, नोटिफिकेशन दिसेल का, असं विचारणारी पत्रं पाठवणाऱ्याच्या नावानिशी जगापुढे आली. त्यांत अमेरिकेच्या सैन्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि एक संघीय न्यायाधीशही होते.

भारताशी थेट धागा जोडणारं प्रकरण कॅटवॉचफुलचं. उरुग्वेमधून चालवलं जाणारं हे अ‍ॅप मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी आहे असं म्हणायचं आणि त्याच वेळी कुणालाच दिसणार नाही अशीही हमी द्यायचं. 2025 मध्ये एरिक डेगल या कॅनडातल्या संशोधकाला त्याच्या सर्व्हरचं दार सताड उघडं सापडलं. 62,000 हून अधिक गिऱ्हाइकांचे ईमेल आणि पासवर्ड तिथे साध्या अक्षरांत, कुठलंही कुलूप न लावता, ठेवलेले होते. 26,000 फोनांमधली माहितीही होती. ते फोन ज्या देशांत सर्वाधिक होते, त्यांत मेक्सिको आणि कोलंबियाबरोबर भारताचं नाव आहे. या अ‍ॅपला एक चोरवाटही होती. फोनच्या कीपॅडवर 543210 दाबून कॉलचं बटण दाबलं की लपलेलं अ‍ॅप वर येत असे.

भारतात हा प्रकार किती पसरलाय? कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 2023 मध्ये जगभरात 31,031 वापरकर्त्यांच्या फोनांवर अशी अ‍ॅप आढळल्याची नोंद केली. त्यात रशिया आणि ब्राझीलनंतर तिसरा क्रमांक भारताचा होता, 2,492. यात फक्त त्या कंपनीचं सुरक्षा अ‍ॅप बसवलेले फोन मोजले आहेत. आपल्याकडे फोनमध्ये असं विकतचं संरक्षण ठेवणारे किती, याचा विचार केला की या आकड्यामागचं खरं प्रमाण लक्षात येतं.

अमेरिकेत या धंद्याविरुद्ध कारवाई झाली, पण संथ. 2014 मध्ये स्टेल्थजिनी या अ‍ॅपच्या पाकिस्तानी मालकाला लॉस एंजेलिसमध्ये अटक झाली आणि 5 लाख डॉलरचा दंड बसला. 2019 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने रेटिना-एक्स कंपनीला चाप लावला. 2021 मध्ये स्पायफोन आणि तिच्या प्रमुखाला पाळतीच्या धंद्यातूनच हद्दपार केलं. 2023 मध्ये न्यू यॉर्कच्या महाधिवक्त्यांनी पाळतीची अ‍ॅप विकणाऱ्या पॅट्रिक हिंची या उद्योजकाला 4 लाख 10 हजार डॉलरचा दंड केला. त्या प्रकरणातला एक तपशील आपल्यासाठी फार कामाचा आहे. आपल्याच अ‍ॅपची स्तुती करणारी परीक्षणांची खोटी संकेतस्थळं त्याने उभी केली होती. तेव्हा 'पाळत ठेवणारी सर्वोत्तम दहा अ‍ॅप' अशी यादी वाचताना ती विक्रेत्यानेच लिहिलेली असू शकते, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे हेच तंत्र घराबाहेरच्या चोराने उचललंय, आणि मराठी वाचकालाही त्याची झळ बसते. वाहतूक पोलिसांचं चलन, पीएम किसानचा हप्ता, तुंबलेलं वीजबिल, लग्नाची निमंत्रणपत्रिका, अशा नावांची एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती ओळखीच्या माणसाच्या नंबरावरूनही येते, कारण त्याचा फोन आधीच बाधित झालेला असतो. फाइल उघडून बसवली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा प्रत्येक ओटीपी चोराच्या हातात. दुसऱ्याचे मेसेज दुरून वाचण्याचं हेच ते साधन, फक्त वापरणारा बदलला. आणि लक्षात घ्या, पाळतीचं अ‍ॅप बसवताना माणूस ज्या सुरक्षा बंद करतो, नेमक्या त्याच या फाइलला आडव्या येणाऱ्या असतात. बायकोच्या फोनचं प्ले प्रोटेक्ट बंद करून ठेवणारा नवरा तिच्या बँक खात्याचं दारही उघडं टाकून येतो, आणि ते खातं पुष्कळदा दोघांचं असतं.

अ‍ॅप न बसवताही मेसेज वाचता येतात, याकडे मात्र कमी लक्ष जातं. व्हॉट्सअ‍ॅपला चार जादा उपकरणं जोडता येतात. कुणी दोन मिनिटं फोन घेऊन आपल्या लॅपटॉपवर क्यूआर कोड स्कॅन केला की तुमचं सगळं बोलणं तिथे उमटत राहतं. आठ अक्षरांचा कोड टाकूनही ही जोडणी होते, म्हणून कुणी फोनवरून असा कोड टाकायला सांगितलं तर टाकू नये. कॉल फॉरवर्डिंगचा प्रकार तसाच. कुरिअरवाला बोलतोय असं सांगून *401* किंवा *21* पासून सुरू होणारा नंबर लावायला लावायचा आणि तुमचे कॉल, त्यावर येणारे ओटीपीही, आपल्याकडे वळवायचे. या कोडांनी फॉरवर्डिंग सुरू करण्याची सोय 15 एप्रिल 2024 पासून थांबवा, असा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला, तो याच कारणाने.

कायदा काय म्हणतो? स्त्री इंटरनेट, ईमेल किंवा कुठलंही इलेक्ट्रॉनिक माध्यम कसं वापरते यावर पुरुषाने पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, 2013 मध्ये, ही तरतूद आधीच्या दंडसंहितेत आली. त्याशिवाय परवानगीवाचून दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं, त्यातली माहिती काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा आहे. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तिथे स्त्री-पुरुष असा भेद नाही. 'फोन मीच घेऊन दिलाय, रिचार्ज मीच मारतो' हे आपल्या घरांत सर्रास ऐकू येणारं समर्थन. कलम 78 फोनचं बिल कुणाच्या नावावर आहे हे विचारत नाही.

घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा लागतो म्हणून या वाटेला जाणारेही आहेत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधलं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. त्याचा अर्थ अनेकांनी जोडीदाराच्या फोनमध्ये काहीही बसवायला मोकळीक मिळाली असा लावला. तो चुकीचा आहे. त्या प्रकरणात मुद्रण करणारा स्वतः त्या संभाषणात होता. तिसऱ्या माणसाशी चाललेलं जोडीदाराचं बोलणं चोरण्याचा प्रश्न तिथे नव्हता, आणि पुरावा चालतो म्हणून तो मिळवताना केलेला गुन्हा माफ होतो असंही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पत्नीच्या नकळत मिळवलेल्या तिच्या कॉलच्या नोंदी पुरावा म्हणून नाकारल्या होत्या आणि नवरा-बायकोलाही एकमेकांपासून खासगीपणाचा हक्क आहे, असं म्हटलं होतं. हेरगिरी संस्थांना पैसे देऊन हे काम करवणाऱ्यांनी ठाण्याचं उदाहरण आठवावं. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा मिळवलेल्या कॉलच्या नोंदी विकणारी साखळी उघड केली, तेव्हा खासगी गुप्तहेरांनाच अटक झाली होती.

पालकांची चिंता मी हलकी मानत नाही. मोबाइलवरून ब्लॅकमेल होणारी मुलं आहेत, जुगाराच्या अ‍ॅपमध्ये अडकलेली मुलं आहेत. पण लहान मुलासाठी गूगलचं फॅमिली लिंक किंवा आयफोनमधला स्क्रीन टाइम आहे. ते पडद्यावर दिसतं, मुलाला ठाऊक असतं, आणि माहिती कुठल्या तरी निनावी सर्व्हरवर जात नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये लपून अ‍ॅप बसवणारा बाप तिचे मेसेज, फोटो आणि ती या क्षणी कुठे आहे ही माहिती अशा माणसांच्या हाती देतो, ज्यांना त्याने कधी पाहिलेलं नाही. तिच्या जिवाला धोका नक्की कुणापासून आहे, हे त्याने त्याआधी स्वतःला विचारावं.

आपल्याच फोनवर पाळत आहे असा संशय असेल, तर सेटिंग्जमध्ये चार ठिकाणं बघा. अ‍ॅक्सेसिबिलिटी, डिव्हाइस अ‍ॅडमिन, नोटिफिकेशनची परवानगी आणि अनोळखी अ‍ॅप बसवण्याची परवानगी. तिथे न ओळखलेलं नाव दिसायला नको. प्ले प्रोटेक्ट चालू आहे का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जोडलेली उपकरणं तपासा. आयफोनवर सेफ्टी चेक आहे, तो वापरा. कॉल वळवलेले असतील तर ##002# लावल्याने ते बंद होतात.

पण घरात मारहाण, धाक किंवा जिवाची भीती असेल, तर अ‍ॅप सापडल्या सापडल्या काढू नका. ते काढलं की बसवणाऱ्याला लगेच कळतं आणि त्याचा राग तुमच्यावर निघतो. शिवाय ते अ‍ॅप हाच पुरावा असतो. आधी दुसऱ्या फोनवरून, शेजारणीच्या किंवा मैत्रिणीच्या, विश्वासातल्या माणसाशी बोला. महिला हेल्पलाइन 181 वर आहे, तातडीच्या वेळी 112. पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 वर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि मेसेज वाचायच्या मोहात पैसे घालवून बसलेला, आता धमक्या सोसणारा कुणी हे वाचत असेल, तर त्याला एवढंच सांगायचंय: आणखी एक रुपयाही देऊ नका, धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, वकिलाला बरोबर घ्या आणि तक्रार नोंदवा.